काका, ते एक वाक्य तुम्ही माझ्याकडून लिहून घेतलेत

पुणे

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

गेल्या शुक्रवारी सहकारनगरमधील एका सोसायटीच्या स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, अहवाल मी ठरल्या तारखेच्या दोन दिवस आधी पाठवला आणि ऑफिसच्या ज्या खिडकीशी तुमचा ड्रॉइंग बोर्ड असायचा, तिथे थोडा वेळ नुसती उभी राहिले. तुम्ही निवृत्त होऊन वाईला गेल्यापासून हे पत्र मनात होते. ते सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे, कारण काम लांबणीवर टाकणाऱ्याला आपल्याकडे सरसकट आळशी म्हणतात आणि तुम्ही मला तसे एकदाही म्हटले नाहीत.

तीन वर्षांपूर्वीचा उन्हाळा तुम्हाला आठवत असेल. बिबवेवाडीतील एका चार मजली इमारतीची पाहणी मी एप्रिलमध्येच पूर्ण केली होती. काँक्रीटची मजबुती अजमावणाऱ्या रिबाउंड हॅमरची रीडिंग्ज वहीत होती, फोटो लॅपटॉपमध्ये होते, अहवाल मात्र कोरा होता. रोज सकाळी मी फाइल उघडत असे, मुखपृष्ठावरचा मजकूर नीटनेटका करीत असे, फोटोंच्या चौकटी एका रेषेत आणत असे, आणि दुसऱ्या साइटचे एखादे तातडीचे काम निघाले की सुटल्यासारखे वाटून उठत असे. दिवसभर राबूनही संध्याकाळी सिग्नलला थांबले की पोटात गोळा येई. गंजलेली सळई फुगते, तिने काँक्रीटला भेग पडते आणि त्या भेगेतून आणखी पाणी आत जाते, हे मी सोसायट्यांना नेहमी समजावून सांगते. माझेही तसेच चालले होते. उशीर झाल्याची लाज फाइल हातात घेऊ देत नव्हती आणि फाइल हातात न घेतल्यामुळे उशीर वाढत होता.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात त्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरील एका बाल्कनीखालचे काँक्रीट सुटून पार्किंगमध्ये पडले. कोणालाही लागले नाही. परंतु सेक्रेटरींनी पाठवलेल्या फोटोत लहान मुलाची एक सायकल होती आणि तिच्या सीटवर तळहाताएवढा तुकडा होता. तो फोटो मी अजून जपून ठेवला आहे.

त्या दुपारी तुम्ही खुर्ची ओढून माझ्या टेबलाशी बसलात. ‘का झाले नाही’ असे विचारले नाहीत. ‘यातले कोणते वाक्य लिहायला नको वाटते आहे?’ एवढेच विचारलेत. मी बराच वेळ गप्प होते. मग माझे मलाच उमगले की साठ पानांचा मला कंटाळा नव्हता. ‘बाल्कन्यांचा वापर तत्काळ थांबवावा’ हे एक वाक्य मला लिहायचे नव्हते. ते लिहिले की रहिवाशांचा रोष, दुरुस्तीच्या खर्चावरून होणारी भांडणे आणि निदान चुकलेच तर त्याचा दोष, हे सारे माझ्या सहीखाली येणार होते. तुम्ही एक जुनी अमोनिया प्रिंट, म्हणजे नकाशाची जुन्या पद्धतीची प्रत, उलटी करून तिची पाठकोरी बाजू पुढे केलीत आणि पेन्सिल हातात दिलीत. ते वाक्य मी कागदाच्या तळाशी लिहिले. ‘आता हे पटायला काय काय दाखवावे लागेल, ते याच्या वर लिहीत जा,’ असे तुम्ही म्हणालात. अहवाल दीड दिवसात पूर्ण झाला.

टिमथी पिचल आणि फ्यूशा सिरवा या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये टाळाटाळीबद्दल जे मांडले, ते मी नंतर वाचले. वेळेचे नियोजन चुकते म्हणून नव्हे, तर कामाशी जोडलेली नकोशी भावना त्या क्षणापुरती दूर ठेवायची असते म्हणून माणूस काम पुढे ढकलतो, असे ते म्हणतात. तुम्ही ते न वाचताच ओळखले होते.

त्यानंतर तुम्ही लावून दिलेल्या दोन सवयी अजून चालू आहेत. साइटवरून परतले की चहाच्या आधी फोटोंना नावे देते, आणि संध्याकाळी उठताना पुढचे वाक्य अर्धे लिहून ठेवते, म्हणजे सकाळी कोऱ्या पानाशी गाठ पडत नाही.

वर्षभराने मात्र वेगळाच प्रश्न उभा राहिला. त्याच भेगा, तीच ओल, तेच तक्ते, हे संपणार कधी, असे मी वैतागून म्हणाले होते. तेव्हा तुम्ही येरवड्याच्या डेक्कन कॉलेजातील संस्कृत शब्दकोशाविषयी सांगितलेत. त्याचे काम १९४८ मध्ये सुरू झाले, त्यासाठी सुमारे एक कोटी चिठ्ठ्या तयार झाल्या आणि पिढ्या बदलल्या तरी ते चालूच आहे. तेवढ्याने माझा उत्साह परतला, असे म्हणणे खरे ठरणार नाही. तो परतला, ते तुम्ही मला पुन्हा बिबवेवाडीला नेलेत त्या दिवशी. कॉलमचे जॅकेटिंग झाले होते, म्हणजे खांबांभोवती मजबुतीसाठी नवा थर चढवला होता, बाल्कन्यांची दुरुस्ती पूर्ण झाली होती आणि त्याच दुसऱ्या मजल्यावर एक आजी कठड्याशी बसून लसूण सोलत होत्या. माझा अहवाल कुठे जाऊन पोचतो, हे मी तोवर पाहिलेच नव्हते. आता दुरुस्ती झालेली प्रत्येक इमारत मी एकदा तरी पाहून येते.

त्या इमारतीला तीस वर्षे उलटून गेली आहेत. त्यामुळे गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नियमावलीप्रमाणे) दर तीन वर्षांनी तिचे ऑडिट व्हायला हवे, आणि यंदा ते पुन्हा माझ्याकडेच आले आहे. पुढच्या महिन्यात पाहणी आहे. तब्येत साथ देत असेल तर या. वाईच्या गाडीची वेळ कळवलीत की मी स्वारगेटला घ्यायला येईन.

आपली कृतज्ञ,
खिडकीशेजारच्या टेबलावरची