अंगणवाडीचा काटा कोण तपासतो?

महोदय,

गावोगावच्या अंगणवाड्या रंगल्या, काही ठिकाणी टीव्हीही लागला. चांगलेच झाले. पण ज्या वजन-उंचीवर लेकराचा आहार आणि उपचार ठरतो, ती मापे धड घेतली जातात का, हे ग्रामसभेत कुणी विचारत नाही.

टांगत्या काट्याला आधी रिकामी झोळी अडकवून काटा शून्यावर आणावा लागतो. डिजिटल काटा सारवलेल्या, खालीवर जमिनीवर ठेवला की दर वेळी वेगळे वजन दाखवतो. त्याला सपाट फरशीच हवी. किराणा दुकानातले 5 किलोचे माप महिन्यातून एकदा ठेवून पाहिले तरी काट्याची खोड कळते.

लांबीतली चूक त्याहून वाईट. दोन वर्षांखालचे मूल झोपवूनच मोजायचे. एकीने डोके फळीला टेकवून धरायचे, दुसरीने गुडघे सरळ दाबून तळव्यांना सरकती फळी लावायची. मदतनिसाची जागा रिकामी असली की सेविका एकटीच मोजते, मूल पाय आखडते आणि लांबी कमी भरते. मग तेवढ्या लांबीला वजन पुरेसे दिसते! तीव्र कुपोषित मूल कागदावर साधारण ठरते आणि कुपोषित मुलांना गावातच आहार-उपचार देणाऱ्या ग्राम बाल विकास केंद्राच्या यादीत त्याचे नावच येत नाही. अशा वेळी आईला नाहीतर आजीला पाय धरायला बसवावे.

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर 11.5 सेंटीमीटरपेक्षा कमी असेल, तर वजनाचा रकाना काहीही म्हणो, ते तीव्र कुपोषितच. दंडघेर मोजायची रंगीत पट्टी डाव्या दंडाच्या बरोबर मध्यावर, हात सैल सोडून लावावी. आवळली की चांगले मूलही लाल रंगात, म्हणजे तीव्र कुपोषितात, जाते. दोन्ही पावलांवर तीन सेकंद अंगठा दाबून खळगा राहिला, तर मूल थेट दवाखान्यात न्यावे. सुजेचे पाणी काट्यावर वजन वाढवून दाखवते, तिथेच फसगत होते.

कापूस वेचणीच्या हंगामात बाया सकाळीच पऱ्हाटीत जातात, तान्ही लेकरे सोबत. नेमकी तीच मोजायची राहतात. मजुरी बंद असते त्या बाजाराच्या दिवशी वजने घेतली तर आयाही भेटतील.

फरशी, काट्याचे सेल, मोडक्या फळीची दुरुस्ती यांचा खर्च तो किती! ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातले 10 टक्के महिला व बालकल्याणासाठीच असतात. त्यातला किती पैसा अंगणवाडीत पोचला, याचा हिशेब येत्या ग्रामसभेत मागावा.

– एक निवृत्त अंगणवाडी पर्यवेक्षिका, जि. यवतमाळ