सरांची सुई

त्रिमूर्तीनगर, नागपूर
23 नोव्हेंबर

प्रिय दिलीप,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीतल्या तुझ्या पत्राला उत्तर दिले नाही म्हणून रागावू नकोस. रागावायचेच असेल तर पुढे त्याहून चांगले कारण देतो आहे. इकडे सर्व ठीक. माझा गुडघा होता तसाच आहे, सौ.चा रक्तदाब गोळीने आटोक्यात आहे.

आमच्या ले-आउटच्या कचऱ्याचा कारभार मी अंगावर घेतला, त्याची तू फोनवर यथेच्छ थट्टा केलेली आहेस. वसाहतीचा अध्यक्ष झाल्याबरोबर मी फाटकाशी फलक लावला होता की, ओला व सुका कचरा एकत्र देणाऱ्या घराचे नाव येथे लिहिण्यात येईल. 2016 च्या घनकचरा नियमांतला उतारा काढून मी तो घरोघर वाटलाही. कचऱ्याचे ओला, सुका आणि घरगुती घातक असे भाग करावेत, आणि या घातक भागात रंगाचे डबे, जुने सेल, मुदत संपलेली औषधे यांच्याबरोबर वापरलेल्या सुयाही येतात, हे त्यात स्पष्ट होते. मी मात्र दोन वर्षे भांडलो ते केवळ ओल्या-सुक्यावरून. घातक कचरा मी स्वतःच्या घरीही कधी वेगळा ठेवला नाही.

या महिन्याच्या पहिल्या सोमवारी नेहमीप्रमाणे गाडी आली. अंबिया बहाराच्या संत्र्यांचा हंगाम सुरू असल्यामुळे प्रत्येक बादलीत संत्र्याची साले होती. गाडीवरचा मुलगा एक फुगलेली पिशवी दाबून आत बसवत असताना एकदम थबकला. अंगठ्याखालच्या मांसल भागावर रक्ताचा मण्याएवढा थेंब आला होता. "काही नाही जी काका, सुई लागली फक्त," असे म्हणून तो पँटीला हात पुसून पुढच्या घराकडे निघालासुद्धा. मी त्याला थांबवून नळाखाली साबणाने हात धुवायला लावला आणि गुन्हेगार सापडल्याच्या उत्साहात पिशवी उपडी केली. सालांच्या खाली कालनिर्णयच्या पानाची पुडी होती. तिच्या घड्या वहीला कव्हर घालावे तशा काटेकोर होत्या. पानाच्या पाठीवर रकाने आखून साखरेचे आकडे मांडले होते, उपाशीपोटीचे आणि जेवणानंतरचे, आणि प्रत्येक 7 च्या पोटात आडवी रेघ होती.

दिलीप, त्या रेघेपायी आपण दोघांनी किती छड्या खाल्ल्या, हे तुझ्याशिवाय कोणाला सांगून कळणार आहे?

"कोणाची होती जी?" मुलाने विचारले. मी "कळत नाही" म्हणालो आणि पुडी खिशात घातली.

त्याला स्कूटरवर बसवून मेडिकलला, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेले. तेथील डॉक्टरीणबाईंनीही पहिला प्रश्न तोच विचारला. सुई कोणाची ते कळले तर त्या माणसाचे रक्त तपासता येते आणि तो निर्दोष निघाला तर या मुलाचे औषध थांबवता येते, असे त्यांनी समजावून सांगितले. एचआयव्ही टाळण्याचे औषध 72 तासांच्या आत सुरू करावे लागते आणि 28 दिवस घ्यावे लागते. मी पुन्हा तेच उत्तर दिले. मुलाने त्यांच्यासमोर पहिली गोळी घेतली. काविळीची लस त्याला कधी मिळालीच नव्हती. रोज शेकडो घरांचा कचरा उचलणाऱ्या माणसाला हिपॅटायटिस 'बी' प्रतिबंधक लसीचा पहिला डोस सुई टोचल्यावर मिळाला.

दोन रात्री मला झोप लागली नाही. फलकावर आपल्या सरांचे नाव लिहायचे का, इथपासून ते चौऱ्याऐंशीव्या वर्षी त्यांना "तुमच्यामुळे" हा शब्द ऐकवायचा कसा, इथपर्यंत मी सगळा विचार केला. त्या मुलाला घरी उलट्या होत असतील, हा विचार मात्र मला सर्वांत शेवटी सुचला. आता तू नववीतली काच काढणार. काढ. काच मी फोडली, छड्या तू खाल्ल्यास आणि मी गप्प राहिलो, हे तू आजवर निदान पन्नास वेळा ऐकवले आहेस आणि प्रत्येक वेळी मी चेंडू तुझा होता एवढेच उत्तर दिले आहे.

बुधवारी सकाळी सरांकडे जाऊन पुडी त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी ती उलगडून आकड्यांवरून नजर फिरवली आणि "सोमवारची पुडी आज दाखवतोस?" एवढेच विचारले. मग सदरा चढवून ते माझ्याआधी फाटकाशी जाऊन उभे राहिले. त्यांच्या सर्व तपासण्या निर्दोष आल्या आणि मुलाचे औषध थांबले. मी सोमवारीच बोललो असतो तर त्याची एक गोळी आणि दोन दिवसांची मजुरी वाचली असती. मजुरी मी भरून दिली. लसीचे पुढचे डोस डिसेंबरात आणि मे महिन्यात आहेत. त्या तारखा सरांनी स्वतःच्या कालनिर्णयवर लिहून ठेवल्या आहेत.

माझा खरा संताप वेगळ्याच गोष्टीवर आहे. दवाखान्यात टोचलेली सुई, जो सुईने भोसकला जात नाही अशा पांढऱ्या डब्यात टाकण्याचा नियम आहे. तीच सुई घरी टोचली की तिच्या नशिबी कालनिर्णयचे पान येते आणि ते संत्र्याच्या सालांत मिसळून भांडेवाडीच्या कचरा डेपोत जाते. तुमच्या पुण्यात 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या कचरावेचक बायांनी सॅनिटरी पॅडच्या पुडीवर लाल ठिपका काढायला लोकांना शिकवले, हे तू सांगितलेस तेव्हा पुणेकरांना कचऱ्यालाही कुंकू लावण्याची हौस आहे, असे मी म्हणालो होतो. ते वाक्य परत घेतो. चौकातल्या डॉक्टरांनी आपल्या डब्याबरोबर आमच्या सुयाही पाठवण्याचे मान्य केले आहे. जाड झाकणाच्या बरण्या मी सात घरी दिल्या आणि प्रत्येकीवर लाल ठिपका काढला. मधुमेही सात घरे आहेत, हेही मला याच महिन्यात कळले.

परवा सर बरणी घेऊन स्वतः माझ्या दारी आले. "चौदा आहेत, मोजून घे," म्हणाले. रोज दोन, आठवड्याच्या चौदा. झाकण न उघडता, बाहेरून, एकेक मोजायला लावली. काचेबद्दल त्यांना अजून सांगितलेले नाही. सांगावे का, ते कळव.

चिरंजीवांच्या नोकरीचे काय झाले? वहिनींना नमस्कार. संत्र्यांची पेटी पाठवतो आहे.

तुझा,
वसंता