‘गप बस नाहीतर सुई टोचायला लावीन’

संपादक महोदय, स.न.वि.वि.

आपल्याकडे बेळगाव, खानापूर, निपाणी कुठंही जावा, पोरगं जेवत नसलं की घरातलं कोणतरी म्हणणारच, गप जेव नाहीतर डॉक्टरकडं नेऊन सुई टोचायला लावते. आणि मग तेच पोरगं खरंच तापानं फणफणलं की त्याला दवाखान्यात नेताना सांगायचं, काय करत नाहीत रे डॉक्टर, नुसतं बघतात. म्हणजे आधी भीती घालायची मग वर खोटं बोलायचं, पोरगं पुढच्या वेळी गेटातच गाडीचं हँडल धरून बसणार नाहीतर काय करणार?

परवा भाच्याला रक्त तपासायला नेलेलं, कुठं ते लिहीत नाही. टेबलावर आडवा पाडला, दोघांनी हात धरले एकानं पाय, सिस्टर बिचारी चांगली होती पण ‘अळबेडा, अळबेडा’ (म्हणजे रडू नको) म्हणत होती आणि ह्याला कन्नड कळत नाही, वर बापाला बाहेर उभं केलेलं. शेवटी शीरच सापडेना. मग एक वयस्कर टेक्निशियन आले, त्याला बापाच्या मांडीवर बसवलं, विचारलं डावा हात का उजवा, आधी स्पिरिटचा कापूस लावून म्हणाले हे गार लागेल, मग मुंगी चावल्यासारखं होईल, तोवर मोठ्यानं फुंकर मार. रडला की थोडा, पण हात हलवला नाही, आणि वेळ पण कमीच लागला.

हे काय लाड नव्हेत. जागतिक आरोग्य संघटनेनं 2015 मध्येच सांगितलंय की लस देताना लहान पोरांना आडवं पाडू नका, आईबापानं कवेत धरून ठेवावं, अंगावर पिणाऱ्या बाळाला पाजत पाजत द्यावी, आणि एका वेळी दोनतीन सुया असल्या (दीड महिन्याच्या बाळाला असतातच की) तर जास्त दुखणारी शेवटी. ज्यांना सारखं तपासायला रक्त द्यावं लागतं त्यांच्यासाठी बधिर करायचं क्रीम पण मिळतं, लिडोकेन-प्रिलोकेनचं, फक्त तासभर आधी लावायला लागतं म्हणून डॉक्टरांना आधीच विचारून ठेवायचं. ह्यातलं बरंचसं फुकटात होतं, तरी कोण सांगत नाही.

शाळेत 10 आणि 16 वर्षांच्या पोरांना टीडीची (धनुर्वात-घटसर्पाची) लस देतात तिथं तर वेगळीच तऱ्हा, सगळी एका रांगेत, पुढचा किंचाळला की मागची सगळी पांढरीफटक, एखादी चक्कर येऊन पडते आणि मग बाई ओरडतात नाटकं करू नको म्हणून. अहो एक जुनी साडी बांधून आडोसा केला आणि ज्याला गरगरतं त्याला बाकावर आडवं करून टोचलं तरी पुरे आहे.

तेव्हा आपल्या भागातल्या सरकारी आणि खाजगी दवाखान्यांना एवढीच विनंती, इंजेक्शनच्या खोलीत आईला बसायला एक खुर्ची ठेवा आणि तिला बाहेर काढू नका, पोराला त्याच्या भाषेत काय होतंय ते सांगायला पण तीच लागते.

आपली नियमित वाचक,
खानापूर