सतरा मोकळ्या ओळी

आदरणीय ग्रंथपाल ताई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र खरे तर पाकिटात घालून तुमच्या हाती द्यायला हवे होते. तरीही ते सर्वांना वाचता येईल असे लिहितो आहे, कारण तुम्ही माझ्यासाठी जे केले ते चारचौघांत सांगितल्याशिवाय माझ्या मनाला स्वस्थता लाभणार नाही. तुमचे नाव मात्र लिहीत नाही, कारण ते तुम्हाला रुचणार नाही हे मी जाणतो. फोंडा तालुक्यातील एका गावाचे दोन खोल्यांचे वाचनालय, एवढी ओळख पुरेशी आहे.

गेल्या आठवड्यात माझ्या हस्तलिखिताचे शेवटचे पान लिहून झाले. एकूण १८४ पाने झाली आहेत. ज्या कामाला मी चौदा वर्षे हातही लावू शकलो नाही, ते पुरे झालेले पाहताना डोळे भरून आले, आणि आजही या विषयावर बोलू लागलो की आवाज स्थिर राहत नाही.

माझे वडील आमच्या गावच्या उत्सवी नाटकांचे प्रॉम्प्टर, म्हणजे अडलेल्या नटाला विंगेतून शब्द पुरवणारे, होते. देवळाच्या जत्रेला आणि काल्याला मराठी नाटक करण्याची गोव्याची रीत पोर्तुगीज अंमलातही चालू राहिली आणि १९ डिसेंबर १९६१ च्या गोवामुक्तीनंतरही तितक्याच हौसेने चालू राहिली. पेठेत दुकान चालवणारा, बागायतीत राबणारा, शाळेत शिकवणारा अशी सारी माणसे त्या एका रात्रीसाठी दोन-दोन महिने तालीम करीत असत. वडील रंगमंचावर कधीच आले नाहीत. विंगेत लाकडी स्टुलावर बसून, बॅटरीच्या काचेवर दोन बोटे धरून, त्यांतून फटीएवढा उजेड वहीवर पाडत ते रात्र काढीत. त्यांच्या तीन वह्या आमच्या घरी आहेत. नटांची नावे, कोणाला कोणते वाक्य आठवत नाही याच्या खुणा, मध्येच समासात ‘येथे थांबावे, टाळ्या पडतात’ अशी सूचना, आणि एका पानावर जानेवारी १९६७ ची नोंद: जनमत कौलामुळे गावात दोन तट पडले आहेत, नाटक पुढे ढकलले. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की वेगळा राहावा, यासाठीच्या १६ जानेवारीच्या त्या मतदानाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, परंतु त्यामुळे एका गावातले नायक आणि खलनायक महिनाभर एकमेकांशी बोलत नव्हते, ही गोष्ट मला फक्त त्या वहीत सापडली.

वडील २००९ साली गेले. त्यांच्या वह्यांवरून गावच्या रंगभूमीची हकिगत लिहून काढायची, हे मी त्यांच्या बाराव्याला सर्वांसमक्ष बोललो होतो, आणि त्यानंतर चौदा वर्षे ते काम उद्यावर टाकत राहिलो. आमच्या घरात उद्याला ‘फाल्यां’ म्हणतात. आईने पहिली दोन-तीन वर्षे विचारले, पुढे तिने विचारणे सोडून दिले, आणि तिचे ते न विचारणे मला अधिक लागत गेले. या काळात मी आळशी नव्हतो, हे मला आज निक्षून सांगावेसे वाटते. कचेरीतले एकही काम मी तुंबू दिले नाही, मुलीचे लग्न केले, घराची कौले बदलली, देवस्थानचे हिशेब लिहिले. अडत होते ते एवढ्या एकाच ठिकाणी. वहीचे कापडी वेष्टन सोडले की वडिलांच्या अक्षरासमोर आपले अक्षर किती उणे पडेल ही भीती मनात उभी राहायची, गेलेल्या वर्षांची शरम तिच्यात मिसळायची, आणि मी वेष्टन पुन्हा बांधून ठेवायचो. बांधले की क्षणभर हायसे वाटे. त्या क्षणभराच्या सुटकेसाठी मी चौदा वर्षे मोजली.

मदत मागितली नाही असेही नाही. पणजीत भरलेल्या एका प्रेरणा शिबिराला मी पाच हजार रुपये भरून गेलो. तिथे दोन दिवस आम्हाला उभे करून घोषणा द्यायला लावल्या आणि जो आज सुरू करत नाही तो आयुष्यात हरतो असे ऐकवले. घरी परतताना मी आधीपेक्षा अधिक हरलेला होतो. नाट्यक्षेत्रातील एका जाणकार गृहस्थांकडे तिन्ही वह्या विश्वासाने दिल्या, तर दीड वर्षाने त्या जशाच्या तशा परत आल्या. बांधलेली गाठसुद्धा सुटलेली नव्हती. ‘आधी व्यवस्थित आराखडा करा, मग बघू’ एवढाच निरोप सोबत होता. नातेवाइकांनी सुविचार पाठवले. या सर्वांचा हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही, पण त्यांच्यापैकी एकानेही ‘तुला त्या वहीची भीती वाटते का’ असे विचारले नाही, आणि हे मला आजही विसरता येत नाही.

जुलै २०२३ मध्ये पावसाने अडकलो म्हणून मी वाचनालयात शिरलो, आणि तुम्ही पिशवीतल्या वह्यांकडे पाहून ‘ह्या कोणाच्या?’ असे विचारलेत. मी सांगत गेलो, तुम्ही ऐकत राहिलात. शेवटी तुम्ही एवढेच म्हणालात, ‘खिडकीजवळची खुर्ची संध्याकाळी मोकळी असते. साडेपाचच्या कदंबा बसने येत असाल तर वीस मिनिटे बसून जा.’ मी म्हणालो, वीस मिनिटांत काय होणार? ‘काही झाले नाही तरी बसणे होईल,’ असे तुम्ही उत्तर दिलेत. हजेरीच्या वहीत दिनांक, नाव, वेळ आणि सही असे चार रकाने होते. तुम्ही पट्टी घेऊन पेन्सिलीने पाचवा रकाना आखलात आणि त्याच्या डोक्यावर लिहिलेत: ‘आज काय लिहिले’. पहिल्या दिवशी मी तिथे ‘एक ओळ’ असे लिहिले.

आठ-नऊ आठवडे चांगले गेले. मग चवथ आली. माटोळी बांधणे, पाहुणे, नेवऱ्या, आरत्या, आणि विसर्जनानंतरही मी आलो नाही. एक दिवस चुकला, त्याची लाज वाटून दुसरा चुकला, आणि तिसऱ्या दिवसानंतर नेहमीची ती जुनी खात्री मनात घट्ट बसली की संपले, आपल्याकडून एवढेच होणार होते. ऑक्टोबरच्या मध्यावर मी आलो तो केवळ घरी राहिलेले तुमचे पुस्तक परत करायला. सही करण्यासाठी हजेरीची वही उघडली, आणि मी उभ्या जागी थबकलो.

मी आलो नव्हतो त्या काळात वाचनालय सतरा दिवस उघडे होते. त्या सतराही दिवसांच्या पानांवर तुमच्या हाताने माझे नाव लिहिलेले होते. मी लिहीत असे तसेच, वडिलांच्या नावासकट पूर्ण. पुढचे रकाने मोकळे होते. कुठे फुली नव्हती, ‘गैरहजर’ असा शेरा नव्हता, प्रश्नचिन्हसुद्धा नव्हते. मी पाने उलटून पुन्हा पुन्हा पाहिले, तेव्हा लक्षात आले की त्यांतली तीन नावे हिरव्या शाईची आहेत आणि बाकीची निळ्या. म्हणजे ती सर्व एका बैठकीत, मला दाखवण्यासाठी म्हणून लिहिलेली नव्हती. रोज वाचनालय उघडल्यावर, हाताला येईल त्या पेनाने, आज हा मनुष्य येईल असे धरून तुम्ही ती ओळ राखून ठेवत होता. सतरा दिवस येईल म्हटलेला माणूस आला नाही, आणि अठराव्या दिवशीही तुम्ही त्याचे नाव लिहिलेत. त्या दिवसाच्या पानावरही ते होते. तुम्ही टेबलावरून मान वर करून म्हणालात, ‘आज खिडकीतून ऊन येते आहे, खुर्ची जरा आत ओढून घ्या.’ मी खुर्ची आत ओढली आणि बसलो.

पुढे कुतूहलाने या विषयावर थोडे वाचले. चालढकल ही मुळात वेळ हाताळता न येण्याची बाब नसून नकोशी भावना टाळण्याची धडपड असते, असे टिमोथी पिचिल आणि फ्युशिया सिरॉइस या अभ्यासकांनी २०१३ मध्ये मांडले आहे. वेष्टन बांधल्यावर मला वाटणारे हायसेपण ते हेच. त्याआधी २०१० मध्ये कॅनडातील कार्लटन विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या ११९ विद्यार्थ्यांचा अभ्यास झाला. पहिल्या परीक्षेच्या वेळी चालढकल केल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केले, त्यांनी पुढच्या परीक्षेच्या वेळी ती कमी केली, असे त्यात आढळले. हे वाचताना मला तुमच्या हिरव्या शाईची आठवण झाली. स्वतःला माफ करणे मला जमत नव्हते, माझ्या वतीने ते आधी तुम्ही केलेत. खुर्चीचेही तसेच. अमुक वेळ झाली की अमुक ठिकाणी अमुक करायचे, असा नेमका संकल्प नुसत्या इच्छेपेक्षा अधिक वेळा तडीस जातो, हे पीटर गोलविट्झर यांनी १९९९ मध्येच लिहून ठेवले आहे. तुम्ही यांपैकी काही वाचले होते का, ते मी कधी विचारले नाही. वाचले नसेल असे वाटते, कारण तुमच्या वागण्यात उपाय योजल्याचा भाव कुठेही नव्हता.

वडील सांगत असत की चांगला प्रॉम्प्टर नटाला अख्खे वाक्य कधी देत नाही. पहिला शब्द तेवढा देतो, आणि तोही असा की प्रेक्षकांच्या कानावर जाऊ नये. नट अडला हे नटाला आणि प्रॉम्प्टरलाच कळावे. तुम्ही हजेरीच्या वहीत माझ्यासाठी तेच केलेत. मी अडलो होतो हे गावात कोणाला कळले नाही. आपल्याकडे मदत करणारी माणसे खूप आहेत, पण मदत घेणाऱ्याची मान खाली जाऊ न देता ती करणारी थोडी. अशी माणसे सभेत सत्काराला नसतात. एखाद्या वाचनालयात, टपाल कचेरीत, शाळेच्या स्वयंपाकघरात ती आपापल्या टेबलाशी बसलेली असतात, आणि त्यांच्या भल्या स्वभावाची नोंद कोणत्याही रकान्यात होत नाही. म्हणून ही नोंद मी येथे करून ठेवतो आहे.

त्यानंतरही माझे खंड पडले. पाय मुरगळला तेव्हा, आई आजारी होती तेव्हा, आणि काही वेळा कोणतेच कारण नसताना. दर वेळी परत आल्यावर माझे नाव पानावर होते. पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जुन्या वर्तमानपत्रांतील नाटकांच्या बातम्या शोधायला मी गेलो, तो धीरही याच पानांतून आला. शेवटचे प्रकरण मी आईला वाचून दाखवले. जनमत कौलाच्या पानाशी तिने मला थांबवले आणि त्या वर्षी न बोलणाऱ्या दोघांत समेट कसा झाला ते सांगितले. ते वडिलांच्या वहीत नव्हते, आता माझ्या पुस्तकात आहे.

येत्या जत्रेपर्यंत छपाई पूर्ण होईल असे मुद्रकाने सांगितले आहे. पहिली प्रत आईच्या हातात देईन आणि दुसरी घेऊन साडेपाचच्या बसने वाचनालयात येईन. तुमच्या दाखल नोंदवहीत एक ओळ तेवढी राखून ठेवा.

आपला कृतज्ञ,
खिडकीजवळच्या खुर्चीतला वाचक