बुडालेल्या गावांचे लेखन त्या गावच्या माणसांकडून यावे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत गाव, माती आणि जुन्या आठवणींवरचे ललित लेख नेमाने येतात आणि मी ते आवडीने वाचते. पण अलीकडे या लेखांतले गाव एकाच साच्यातले वाटू लागले आहे. पार, वड, देवळाची घंटा, चुलीचा धूर आणि शेवटी दाटून आलेला कंठ. गावाचे नाव खोडून दुसरे घातले तरी लेखाला काही धक्का लागत नाही. मग त्याला प्रादेशिक लेखन कशासाठी म्हणायचे? हा प्रश्न मला जरा जास्त टोचतो, कारण माझे माहेर उजनी धरणाच्या पाण्याखाली आहे. ज्या गावाकडे परत जाताच येत नाही, त्याच्याबद्दल मोघम लिहिले की ते दुसऱ्यांदा बुडते.

देशातल्या मोठ्या धरणांपैकी सर्वाधिक महाराष्ट्रात आहेत. कोयनेचा शिवसागर, पैठणचा नाथसागर, उजनीचा यशवंतसागर ही नावे शाळेच्या पुस्तकात आहेत, नकाशात आहेत. त्यांच्या तळाशी असलेल्या गावांची नावे मात्र भूसंपादनाच्या कागदांत राहिली, आणि तिथेही गावाचे नाव, गट नंबर, क्षेत्र आणि आकार यापलीकडे काही नाही. आमच्या घरचे नदीकाठचे रान त्या कागदावर काही एकर काही गुंठे एवढेच आहे. प्रत्यक्षात ते मळईचे रान होते. भीमेचा पूर ओसरला की त्यावर गाळाचा थर बसायचा आणि वाफसा आला की नांगर न घालता त्यात हरभरा टोकायचे. वरच्या अंगाला चार भावबंदांत मिळून एक विहीर होती. तिच्या पाण्याच्या पाळीवरून माझ्या आजोबांचे आणि त्यांच्या चुलतभावाचे बोलणे बंद झाले ते कायमचेच. पुढे दोघांनाही मोबदला मिळाला, दोघांची घरे वेगवेगळ्या गावठाणांत गेली, आणि ज्या पाण्यासाठी भांडण झाले ती विहीरच धरणाच्या पाण्यात गेली. मला वाचायचे आहे ते हे. गाव गोड होते एवढ्याने त्याची ओळख पटत नाही. कोण कुणाशी कशावरून भांडत होते, पूर कुठल्या पायरीपर्यंत यायचा, हे सांगितले की ते गाव दुसऱ्या कुठल्याही गावाहून वेगळे दिसू लागते.

उन्हाळ्यात पाणी फार खाली गेले की पळसदेवचे जुने देऊळ उघडे पडते. मग गाड्या भरून माणसे येतात, फोटो काढतात, वर्तमानपत्रांतही छायाचित्र छापून येते. देऊळ सुंदरच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण देवळाभोवतीच्या गाळात घरांची जोती असतात आणि त्यांच्यापाशी म्हातारी माणसे उभी असतात, त्यांच्याशी कुणी बोलत नाही. अशी माणसे मी जवळून पाहिली आहेत. ती रडत नाहीत, दिशा लावत असतात. ही न्हाणीची फरशी, म्हणजे दार पूर्वेला. मग उखळ इथे, बळद त्या कोपऱ्यात, आणि इथून बारा-चौदा पावलांवर शेजारच्यांची ओसरी. काठीने गाळ उकरत उकरत अख्खी आळी उभी करतात.

मराठीला ही रीत नवी नाही. महानुभावांची चौदाव्या शतकातली स्थानपोथी आहे. चक्रधरस्वामी जिथे जिथे राहिले, त्या जागांचे वर्णन तिच्यात गावोगाव, दिशा धरून केलेले आहे. कुठले देऊळ गावाच्या कोणत्या अंगाला, त्याचे दार कुणीकडे. त्याआधी म्हाइंभटांनी लीळाचरित्रासाठी ज्यांनी पाहिले-ऐकले त्यांच्याकडे जाऊन आठवणी गोळा केल्या होत्या. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण या जुन्या ग्रंथांचा अभिमानाने उल्लेख केला. त्या ग्रंथांनी घालून दिलेली पद्धत मात्र आपण वापरत नाही. गाळात दिशा लावणारा म्हातारा नेमके तेच करत असतो. फक्त त्याच्याजवळ वही घेऊन बसायला कुणी नसते.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. जमिनीच्या आठवणी लिहितात ते बहुधा जमीन असलेले, आणि त्यांच्यातलेही पुरुष. आमच्या गावात सातबाऱ्यावर नाव नसलेली घरे कमी नव्हती. बलुत्यावर जगणारा सुतार, मजुरीला जाणारी बाई, नदीवर जाळे टाकणारा भोई यांचे पोट साऱ्या शिवारावर चालायचे, पण त्यांच्या नावावर शिवारातले ढेकूळही नव्हते. मोबदला वाटला गेला जमिनीचा आणि घराचा. शिवार गेल्याने ज्यांचा रोजगार गेला, त्याची मोजदाद कुठल्या रकान्यात करायची? शिवाय त्यांच्या आठवणीतला पार आपल्या लेखांतल्या पारासारखा नाही. तिथे बसायची मुभा कुणाला होती आणि कोण लांब उभे राहायचे, हे त्यांना चांगले आठवते. आमच्याच जुन्या गावातल्या एका बाईंनी मला सरळ सांगितले होते की गाव बुडाले याचे त्यांना वाईट वाटले, पण ज्या विहिरीला त्यांना शिवू देत नव्हते ती बुडाली याचे मुळीच वाटले नाही. जुन्या गावाबद्दल याहून खरे वाक्य मी कुठल्याही ललित लेखात वाचलेले नाही. वारसा म्हणून गाव जपायचे तर हेही त्यात आले पाहिजे. ते गाळून केलेले लेखन कितीही हळवे असले तरी अर्ध्या गावाचेच असते.

मुळशीचे उदाहरण पाहा. टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ साली झालेला सत्याग्रह आपल्याला सेनापती बापटांच्या नावाने माहीत आहे आणि तो तसा माहीत असणे योग्यच आहे. पण ज्यांची भातखाचरे गेली त्या मावळ्यांच्या घरात काय बोलले जात होते, हे त्यांच्या शब्दांत फारसे आपल्यापर्यंत आले नाही. पुढे त्याच मुळशी तालुक्यातल्या बायकांकडे हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ हे संशोधक जाऊन बसले, त्यांच्याबरोबर काम करणाऱ्यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या उतरवल्या, आणि राज्यभरातून एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह उभा राहिला. लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकांनी आई, भाऊ, सासर, कष्ट यांवर रचलेले हे केवढे मोठे साहित्य! कुणी विचारले म्हणून ते हाती आले. धरणग्रस्त वसाहतींत असे कुणी जाऊन बसले तर काय मिळेल, याचा विचार व्हावा.

वसाहतींचा विषय तर लेखनाने जवळजवळ सोडूनच दिला आहे. राज्यात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा १९७६ साली आला. कोयना त्याच्या कितीतरी आधी भरले होते. तिथली माणसे रायगड, रत्नागिरी, ठाणे, सोलापूर, सांगली अशी पांगली. डोंगरात नाचणी-वरी पिकवणारा माणूस कोरडवाहू ज्वारीच्या मुलखात जाऊन काय शिकला? एक ग्रामदैवत आणि गाव चार ठिकाणी, तर यात्रा कुठे भरवायची? स्लॅब लावून, म्हणजे लाभक्षेत्रातली ठरावीक मर्यादेपुढची जमीन कापून, ज्याची जमीन धरणग्रस्तांना दिली, त्या शेतकऱ्याच्या मनात काय होते, आणि त्याच्याच बांधाला बांध लावून शेती करताना दोघे एकमेकांशी कसे वागले? सरदार सरोवरात महाराष्ट्राची ३३ गावे गेली, तीही भिली आणि पावरी बोलणाऱ्या आदिवासींची. त्यांनी आपल्या भाषेत सांगितलेले आपण मराठीच्या अंगणात मानाने घेणार आहोत का? यातल्या एकेका प्रश्नात एकेक कादंबरी आहे, आणि ती लिहिण्याची ताकद त्या वसाहतींत वाढलेल्या मुलामुलींत आहे. त्यांच्या वाट्याला आले आहे दोन गावांचे एकत्र जगणे: एक ऐकलेले, एक पाहिलेले.

घाई यासाठी की कोयनेचे पाणी चढले तेव्हा जे पंधरा वर्षांचे होते ते आज ऐंशीच्या आसपास आहेत. उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले. तेव्हाची शाळकरी मुले आता पन्नाशी-साठीत आली, आणि ज्यांनी तिथे नांगर धरला होता ती पिढी झपाट्याने कमी होते आहे. माझे वडील गेले तेव्हा त्यांच्याबरोबर निम्म्या शिवाराची नावे गेली. उरलेल्यांपैकी काही आईला सांगता येतात, तीही माहेर-सासरची मिसळून.

म्हणून आपल्याला विनंती आहे की पुरवणीत महिन्यातून एकदा एक पान बुडालेल्या गावांसाठी ठेवावे. स्पर्धा आणि बक्षिसे नकोत, त्यांनी पुन्हा तोच साचा तयार होतो. एका वेळी एकच गाव घ्यावे. त्या गावची किमान तीन माणसे बोलती करावीत, त्यांत एक भूमिहीन घरातले आणि एक बाई असावीच. सांगणारा जसे बोलतो तसेच छापावे, त्याचे प्रमाण मराठीत रूपांतर करू नये. शेजारी त्यांच्यापैकी कुणी हाताने काढलेला गावाचा नकाशा द्यावा, सुबक नसला तरी चालेल. दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर दोन्ही छापाव्यात. लिहिणे जमत नसेल त्यांचे बोलणे उतरवून द्यायला महाविद्यालयांतली मराठी विभागाची मुले आनंदाने येतील, प्राध्यापकांनी फक्त मनावर घ्यावे.

आपण हे पान सुरू केलेत तर पहिल्या गावासाठी आईला आठवतील ती शेतांची नावे, आमच्या आळीचा नकाशा आणि वर उल्लेख केलेल्या बाईंची संमती घेऊन त्यांचे बोलणे मी पाठवीन.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
एक वाचक, इंदापूर तालुका