वस्तूसोबत तिची नोंदही जपली जावी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

थोर पुढाऱ्यांच्या वस्तू जपणे हे वस्तुसंग्रहालयांचे काम मानले जाते. परंतु अशा कितीतरी वस्तू ग्रंथालयांच्या स्वाधीन आहेत, आणि त्यांच्या नोंदींकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र.

१४ एप्रिल १८६५ च्या रात्री अब्राहम लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली, तेव्हा त्यांच्या खिशांत जे होते ते आज वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. दोन चष्मे, त्यांतील एकाची काडी दोऱ्याने बांधलेली. चाकू, रुमाल, आणि पाकिटात बंडखोर दक्षिणी राज्यांची पाच डॉलरची नोट व वर्तमानपत्रांची नऊ कात्रणे. राष्ट्राध्यक्षाने दोऱ्याने बांधलेला चष्मा वापरावा, हे पाहून मन भरून येते. या वस्तू लिंकन यांच्या कुटुंबातच राहिल्या, १९३७ मध्ये त्यांच्या नातीने त्या ग्रंथालयाला दिल्या आणि १९७६ मध्ये ग्रंथपाल डॅनियल बूर्स्टिन यांनी पेटी उघडल्यावर त्या लोकांसमोर आल्या. इतकी वर्षे बंद राहूनही त्या लिंकन यांच्याच, हे निःशंकपणे सांगता येते, कारण त्या कोणाकडून कोणाकडे गेल्या याची साखळी कुठेच तुटलेली नाही.

आपल्याकडेही अशी ठेव आहे. क्रांतिकारक मादाम कामा यांनी १९०७ मध्ये जर्मनीतील स्टुटगार्ट येथे फडकवलेला हिंदुस्थानचा ध्वज इंदुलाल याज्ञिक यांनी हिंदुस्थानात आणला आणि तो पुण्याच्या केसरीवाड्यातील ग्रंथालयात जपला गेला. त्याचा हा प्रवास ठाऊक आहे म्हणूनच त्या कापडाला इतिहासाचे मोल आहे.

मला काळजी वाटते ती तालुक्याच्या गावांतील जुन्या नगर वाचनालयांची. पुढाऱ्यांचे अभिप्राय असलेल्या वह्या, पत्रे, एखादे पेन तेथे असते, पण देणारी पिढी गेल्यावर ती वस्तू कोणी, केव्हा दिली हे सांगणारे कोणी उरत नाही. पुस्तकाला दाखल क्रमांक मिळतो, या वस्तूंना मिळत नाही. कुठे सदिच्छेपोटी मूळ पत्र लॅमिनेट केले जाते, आणि मग कागदाला इजा न करता ते प्लास्टिक काढणे जवळजवळ अशक्य होते. कुठे ते उन्हाच्या भिंतीवर टांगले जाते आणि शाई उडते.

ग्रंथालय संचालनालयाने अशा वस्तूंसाठी दाखल नोंदवहीचा स्वतंत्र नमुना ठरवून द्यावा, त्यात देणाऱ्याचे सहीनिशी निवेदन व छायाचित्र असावे, आणि दर्शनी भागात मूळ पत्राऐवजी त्याची प्रत लावण्याची सूचना सर्व अनुदानित वाचनालयांना द्यावी, अशी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त ग्रंथपाल, सातारा