सिलिकाच्या नावाखाली सोन्याचे सेन्सर: बदलून मिळणे व बॅच तपासण्याबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आमच्या प्रयोगशाळेने सिलिकाचा लेप असलेले क्वार्ट्झ सेन्सर (वर काही बसले की ज्यांच्या कंपनांची फ्रिक्वेन्सी उतरते अशा चकत्या) मागवले होते. पाकिटावर, चलनावर, बिलावर सगळीकडे ‘सिलिका’ लिहिले आहे. आत मात्र नुसत्या सोन्याच्या चकत्या निघाल्या. तुमच्या तंत्रसाहाय्य विभागाने ‘व्हेसिकल (लिपिडचे, म्हणजे मेदद्रव्याचे, पाण्याने भरलेले सूक्ष्म फुगे) नीट तयार झाले नसतील, तापमान तपासा’ असा दोन ओळींचा मेल पाठवून हात झटकले. ते उत्तर मला मुळीच मान्य नाही.

नवी बॅच आली की आम्ही आधी पीओपीसी या साध्या लिपिडच्या व्हेसिकलवर ती तपासतो. सिलिकावर व्हेसिकल सुरुवातीला अख्खे चिकटतात, पुरेशी दाटी झाली की फुटतात, आतले पाणी बाहेर जाते आणि लिपिडचा सपाट द्विस्तर (दोन थरांचे पटल) पसरतो. म्हणून फ्रिक्वेन्सी आधी खोल उतरते, मग वर चढून उणे २५ हर्ट्झच्या आसपास स्थिरावते आणि डिसिपेशन (थर किती मऊ आहे त्याचे माप) जवळजवळ शून्यावर येते. सोन्यावर ते फुटतच नाहीत. फ्रिक्वेन्सी खालीच राहते आणि डिसिपेशन चढलेले. केलर आणि कासेमो या संशोधकांनी १९९८ मध्येच हा फरक दाखवून दिला आहे, तुमच्या तंत्रज्ञांना तो ठाऊक असायला हवा. तुमच्या नव्या सेन्सरवर आम्हाला हा दुसरा आलेख मिळाला. त्याच दिवशी, त्याच बाटलीतले व्हेसिकल आणि तोच बफर घेऊन मागच्या खरेदीतला सेन्सर लावला, तर उणे २५ हर्ट्झ बरोबर आले. मग दोष व्हेसिकलचा कसा? तापमानाचे म्हणाल तर पीओपीसीचे संक्रमण तापमान (ज्याखाली लिपिड गोठल्यासारखे घट्ट होते ते) शून्य अंशाच्याही खाली आहे. नाशिकची डिसेंबरातली थंडीसुद्धा त्याच्या आड येत नाही.

तरी शंका नको म्हणून थायॉलची चाचणी केली. थायॉल हे गंधकयुक्त संयुग सोन्याला घट्ट धरते, सिलिकाला नाही. जुना आणि नवा सेन्सर स्वच्छ करून ऑक्टाडेकेनथायॉलच्या द्रावणात रात्रभर ठेवले, सकाळी इथेनॉलने धुऊन वाळवले आणि दोन्हींवर पाण्याचा थेंब सोडला. जुन्यावर थेंब लगेच पसरला. नव्यावर तो गोल मण्यासारखा उभा राहिला, चकती तिरकी करताच घरंगळून गेला. फोटो सोबत जोडले आहेत.

या सेन्सरवर आम्ही पॉलिमिक्सिन बी हे प्रतिजैविक जिवाणूंच्या पटलाशी कसे वागते ते पाहतो. या गटातली औषधे जिवाणूच्या बाह्य पटलातल्या लिपिड ए या घटकाला चिकटतात, तिथले मॅग्नेशियम आणि कॅल्शियम हटवतात आणि पटल विस्कटवतात. त्याच गटातले कोलिस्टिन अनेक औषधांना न जुमानणाऱ्या संसर्गात डॉक्टरांच्या हातातल्या शेवटच्या उपायांपैकी एक. कोंबड्यांच्या खाद्यातही ते सर्रास जात होते, म्हणून केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये खाद्यासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांत त्याच्या वापरावर बंदी घातली. नाशिक जिल्ह्यात पोल्ट्रीचा धंदा किती मोठा आहे ते सांगायला नको; आमच्या कित्येक विद्यार्थ्यांच्या घरी शेड आहेत. हा विषय त्यांनी हौसेने निवडलेला नाही.

आता विचार करा, ही प्राथमिक चाचणी न करता कोणी थेट औषध सोडले तर काय होईल? सोन्यावर अख्ख्या व्हेसिकलचा थर बसलेला असतो. औषधाने ते फुटून पाणी निघाले की फ्रिक्वेन्सी झपकन वर चढते, आणि पाहणाऱ्याला वाटते की औषधाने पटलाचा फडशा पाडला. सपाट पटलावर त्याच मात्रेत काय घडले असते, हे त्या आकड्यातून कळतच नाही. तसा आकडा एखाद्या प्रबंधात छापून गेला तर तो परत कोण घेणार? मला सर्वांत जास्त राग याचाच आहे. पैशांचे नुकसान भरून काढता येते.

माझ्या मागण्या अशा. संपूर्ण पेटी तुमच्या खर्चाने बदलून द्या. नव्या पेटीसोबत त्याच बॅचमधल्या लेपाच्या जाडीचा तपासणी अहवाल द्या, सर्वसाधारण छापील प्रमाणपत्र चालणार नाही. आणि या बॅचमधले सेन्सर ज्या ज्या प्रयोगशाळांना गेले, त्या सगळ्यांना लेखी कळवा. ही शेवटची मागणी मी सोडणार नाही.

एम.एस्सी.च्या विद्यार्थिनीला या सत्रात प्रबंध सादर करायचा आहे, त्यामुळे १५ दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. ते न आल्यास महाविद्यालयातर्फे नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागू. न वापरलेले सेन्सर मूळ पाकिटांसह सीलबंद ठेवले आहेत; तुमचा प्रतिनिधी कार्यालयीन वेळेत येऊन त्यांतला कोणताही उचलून आमच्यासमोर तपासू शकतो.

आपली विश्वासू,
सहायक प्राध्यापिका, सूक्ष्मजीवशास्त्र विभाग,
नाशिक

सोबत : बिल व चलनाची प्रत, दोन्ही सेन्सरचे आलेख, थेंबाच्या चाचणीचे फोटो, तुमच्या मेलची प्रत